बाळंतिणीचे मन आणि राज्यसंस्थेची जबाबदारी

(महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाच्या विषयपत्रिकेवर गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मानसिक आजारांचा विषय पाहून तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. रेशन, वेतन, घरभाडे, महागाई हे आपले नेहमीचे विषय. मनाचे आजार हा विषय डॉक्टरांचा, फार तर सुखवस्तू घरांचा, असा समज आपल्या चळवळीतही आहे. जिला उद्या चूल पेटेल की नाही याची भ्रांत, तिला उदास व्हायला सवड कोठली, असे आपण सहज बोलून जातो. या समजाला वस्तुस्थितीचा आधार नाही, हे मला आज प्रथम मांडावयाचे आहे. दुसरे असे की, या आजारांवर उपाय आहेत, ते स्वस्त आहेत आणि त्यांतले काही आपल्यासारख्या गरीब देशांतच सिद्ध झालेले आहेत. तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उपाय असूनही ते बहुसंख्य मातांपर्यंत पोहोचत नाहीत. कारण त्यासाठी लागणारे श्रम कोणी करायचे आणि त्या श्रमांचे दाम कोणी मोजायचे, या प्रश्नाला राज्यकर्ते सतत बगल देत आले आहेत.

आजाराचे स्वरूप

आधी आजार समजून घेऊ. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ स्त्रियांना उगाचच रडू येते, चिडचिड होते. निम्म्याहून अधिक मातांना हा अनुभव येतो आणि साधारण दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. याला आजार म्हणत नाहीत. झोप, विश्रांती आणि घरच्यांचा आधार हेच त्यावरचे औषध.

दुसरा प्रकार नैराश्याचा. यात आठवडेच्या आठवडे मन खिन्न राहते, बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही, अन्नावरची वासना जाते, बाळाविषयी माया दाटून येत नाही आणि ती येत नाही म्हणून आपणच पापी आहोत असे तिला वाटू लागते. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. हे नैराश्य पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेले असते. बाळंतपणानंतर ते फक्त नजरेस येते.

तिसरा प्रकार तीव्र चित्तभ्रमाचा. हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन स्त्रियांना तो होतो, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आणि एकाएकी. भास होतात, भलते संशय येतात, बाई रात्र-रात्र जागी राहते, असंबद्ध बोलते. यात आई आणि बाळ या दोघांच्या जिवाला धोका असतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. आपल्याकडे मात्र याला बाहेरची बाधा म्हणतात, देवऋषी बोलावला जातो, अंगारे-धुपारे होतात आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

हे आजार आधुनिक काळाने निर्माण केलेले नाहीत. लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्याने 1858 साली पॅरिसमध्ये गरोदर, बाळंत आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. 1987 साली स्कॉटलंडमध्ये कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी दहा साध्या प्रश्नांची ‘एडिंबरो प्रश्नावली’ तयार केली. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, झोप लागली का, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. उत्तरे घेण्यास काही मिनिटे लागतात आणि यंत्रसामग्री काहीही लागत नाही. त्यानंतर कितीतरी भाषांत ही प्रश्नावली उतरली. गोव्यात ती कोंकणीत पडताळून घेतली गेली. आजार ओळखण्याचे साधन नाही, ही सबब निदान तेव्हापासून कोणालाही सांगता येत नाही.

ओझे कोणाच्या वाट्याला?

आता आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात सुमारे 10 टक्के गर्भवती आणि 13 टक्के नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. विकसनशील देशांत हेच प्रमाण गर्भवतींत 15.6 टक्के आणि बाळंतिणींत 19.8 टक्के, म्हणजे दीडपट आहे. भारतातल्या 38 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2017 साली प्रसिद्ध झाले. त्यात बाळंतिणींमधील नैराश्याचे प्रमाण 22 टक्के आढळले. आपल्या देशात वर्षाला सुमारे 2.3 कोटी बाळंतपणे होतात. हे प्रमाण सरसकट लावले तर दरवर्षी 50 लाखांच्या आसपास माता या आजारातून जात असल्या पाहिजेत. हा सुखवस्तूंचा आजार असता तर त्याने गरीब देशांत असे ठाण मांडले नसते.

आणि हा आजार जीवघेणा आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची बारकाईने चौकशी करण्याची जुनी पद्धत आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपासून एक वर्षापर्यंतच्या काळात, गरोदरपणाशी थेट संबंध असलेल्या मृत्यूंचे आघाडीचे कारण तेथे आत्महत्या हे आढळले आहे. अमेरिकेत 36 राज्यांतील 2017 ते 2019 या काळातल्या मातामृत्यूंचा आढावा 2022 साली प्रसिद्ध झाला. ज्या मृत्यूंचे मूळ कारण निश्चित करता आले, त्यांपैकी जवळजवळ 23 टक्क्यांचे मूळ मानसिक आजारांत, आत्महत्या आणि व्यसनांशी निगडित मृत्यू धरून, आढळले. एकूण मातामृत्यूंपैकी 80 टक्क्यांहून अधिक टाळता आले असते, असाही निष्कर्ष त्या आढाव्याने काढला. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आले तरी मन आटोक्याबाहेर राहू शकते, असा याचा अर्थ.

गोव्यातला अभ्यास

हा आजार कोठून येतो? शरीरात होणाऱ्या बदलांचा त्यात वाटा आहे, आनुवंशिकतेचाही आहे. परंतु त्यापलीकडे काय आहे, ते गोव्यातल्या एका अभ्यासाने लख्ख दाखवले. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या 270 गर्भवतींचा शेवटच्या तिमाहीपासून मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 59 मातांना, म्हणजे 23 टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतल्या 78 टक्के स्त्रियांचे मन गरोदरपणातच बिघडलेले होते. निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

कारणे कोणती निघाली? आर्थिक हलाखी आणि नवराबायकोतले बिघडलेले संबंध. बाळाचे लिंग हेही कारण ठरले आणि नवऱ्याची मारहाण, उपासमार यांचा परिणाम त्यामुळे कमीजास्त होत होता. मुलगी झाली म्हणून कोणाचा तोंडाळ राग, कोणाची अबोल नाराजी, आणि घरात दोन वेळचे अन्न नाही, यांचे मिळून त्या बाईच्या मनावर काय होत असेल, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नैराश्य असलेल्या माता इतरांपेक्षा आरोग्यसेवेकडे अधिक वेळा जात होत्या. बाई दवाखान्याच्या दारात येत होती. अंग दुखते, थकवा आहे, झोप नाही, बाळ नीट पीत नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन येत होती. तिच्या मनाची चौकशी करण्याची व्यवस्थाच तेथे नव्हती. स्त्रिया लाजेने बोलत नाहीत, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

रावळपिंडीचा धडा

उपाय काय, हे पाहण्यासाठी सरहद्दीपलीकडे जाऊ. पाकिस्तानात 1994 पासून ‘लेडी हेल्थ वर्कर’ नावाच्या आरोग्यसेविका खेडोपाडी काम करतात. माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेल्या या गावच्याच स्त्रिया. अतीफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात नैराश्यग्रस्त गर्भवतींना आधार देण्याचे साधे तंत्र या सेविकांना शिकवले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक याप्रमाणे चार भेटी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन आणि पुढे दरमहा एक अशा नऊ. एकूण सोळा भेटी. सेविका ‘तुला वेड लागले आहे’ अशी भाषा करीत नसत. बाळाच्या आरोग्यासाठी आलो आहोत, असे म्हणून त्या बसत. आईच्या मनात येणारे काळे विचार तिच्याकडूनच वदवून घेत, ते तपासून पाहण्यास तिला मदत करीत आणि सासू-नवऱ्यालाही त्यात सामील करून घेत.

या प्रयोगाचा अहवाल 2008 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी नेहमीच्याच भेटी मिळालेल्या गटातील 53 टक्के मातांना नैराश्य होते. नवे तंत्र वापरलेल्या गटात ते 23 टक्क्यांवर आले होते. वर्षानंतरही हा फरक टिकून होता. मुलांच्या वजन-उंचीत फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु जुलाबाचे प्रमाण घटले आणि लसीकरण वाढले. ना मानसोपचारतज्ज्ञ, ना महागडे औषध. गावातली शिकवलेली बाई आणि तिने दिलेला वेळ, एवढ्यावर हे घडले. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली या पद्धतीची पुस्तिका जगभरासाठी प्रसिद्ध केली. पुढे गोव्यात आणि रावळपिंडीत, स्वतः माता असलेल्या सामान्य स्त्रियांनाच हे तंत्र शिकवून पाहण्यात आले. परिणाम पूर्वीइतके ठळक नव्हते. तरी 2019 साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील निष्कर्षांत बऱ्या झालेल्या मातांचे प्रमाण अधिक होते.

पण या यशाची दुसरी बाजू वैद्यकीय नियतकालिकांत ठळक अक्षरांत येत नाही. ज्या सेविकांच्या श्रमांवर जगाला हा धडा मिळाला, त्या त्या वेळी तुटपुंज्या मानधनावरच्या कंत्राटी कामगार होत्या. रस्त्यावर उतरून, न्यायालयाचे दार ठोठावून, वर्षानुवर्षे झगडल्यावर 2012 साली त्यांना नियमित नोकरीचा हक्क मिळाला. ‘कमी खर्चाचा उपाय’ असे शब्द कानावर पडले की आपण तत्काळ विचारले पाहिजे: खर्च कमी झाला तो कोणाच्या वेतनातून?

बाजाराचा उपाय

याच्या उलट टोकाला अमेरिका पाहा. जगातला सर्वांत श्रीमंत देश. पण देशभर लागू असलेली भरपगारी प्रसूती रजा तेथे नाही. 1993 च्या कायद्याने बारा आठवड्यांची बिनपगारी रजा दिली, तीही लहान आस्थापनांतल्या कामगारांना वगळून. गरीब स्त्रियांचा सरकारी आरोग्यविमा बाळंतपणानंतर साठ दिवसांनी संपू शकत असे. 2021 च्या कायद्याने राज्यांना तो एक वर्षापर्यंत वाढवण्याची सोपी वाट दिली आणि त्यानंतर जवळजवळ सर्व राज्यांनी तो वाढवला.

याच देशात 2019 साली बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचे पहिले खास औषध मंजूर झाले. साठ तास शिरेतून द्यावे लागणाऱ्या या औषधाची किंमत होती सुमारे 34 हजार डॉलर. त्यामागील संशोधनाला सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेचा आधार होता, म्हणजे जनतेचा पैसा लागलेला होता. 2024 च्या अखेरीस कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच जातीची गोळी मंजूर झाली. चौदा दिवसांचा क्रम, किंमत 15,900 डॉलर. नवे औषध निघाले याचा आनंदच आहे आणि काही स्त्रियांना त्याने लवकर उतार पडतो हेही खरे. परंतु नैराश्यावरची जुनी, पेटंटमुक्त, अल्प किमतीची औषधेही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहजी मिळत नाहीत, तेथे या गोळीचा उपयोग कोणाला? कंपनी मातेकडे पाहते ती गिऱ्हाईक म्हणून, आणि ज्या मातेच्या पदरी पैसा नाही ती तिच्या हिशेबात नसते.

सरकारवर दडपण आले की चित्र पालटू शकते, हे ब्रिटनने दाखवले. 2014 साली तेथे एक हिशेब मांडला गेला. एका वर्षात जन्मणाऱ्या मुलांच्या मातांचे मानसिक आजार उपचाराविना राहिल्याने समाजाला दीर्घकाळात 8.1 अब्ज पौंडांचा भुर्दंड पडतो आणि सेवा उभारण्यास वर्षाला सुमारे 28 कोटी पौंड अधिक लागतील. त्या वेळी देशातील 40 टक्क्यांहून अधिक भागांत अशा मातांसाठी कोणतीही खास सेवा नव्हती. रुग्ण स्त्रियांनी, सुईणींनी आणि डॉक्टरांनी मोहीम चालवली, नकाशे काढून सेवाहीन भाग दाखवले, आणि 2019 पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक भागात निदान एक पथक उभे राहिले. सार्वजनिक आरोग्यसेवा अस्तित्वात होती म्हणूनच तिच्याकडे मागणी करता आली, हे विसरू नये.

समुपदेशनाने भूक भागत नाही

येथे एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ खायेलित्शा नावाची कष्टकऱ्यांची प्रचंड वस्ती आहे. तेथील नैराश्यग्रस्त गर्भवतींना आरोग्यसेविकांमार्फत समुपदेशन देण्याचा प्रयोग झाला. 2020 साली निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या सेवेच्या तुलनेत फारसा फरक आढळला नाही. बेकारी, उपासमार आणि हिंसा यांनी ग्रासलेल्या वस्तीत थोड्या भेटींतल्या बोलण्याने किती साधणार? मनाला धीर देणे आवश्यक आहे, पण धीर हा भाकरीची जागा घेऊ शकत नाही. हे विसरले की मानसिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे बाईला तिच्या हालांशी जुळवून घ्यायला शिकवणे एवढाच उरतो.

याउलट झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागातला अनुभव उमेद देणारा आहे. तेथे ‘एकजुट’ या संस्थेने गावोगाव स्त्रियांचे गट बांधले. गटात बाया एकत्र बसत, बाळंतपणातल्या अडचणींची आपणच यादी करीत, उपाय ठरवीत आणि गावाला कामाला लावीत. 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू 32 टक्क्यांनी घटले. मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य, जे मोजण्यापलीकडे ज्यावर थेट असा कोणताही उपचार झालेला नव्हता, ते तिसऱ्या वर्षी 57 टक्क्यांनी कमी आढळले. एकटी पडलेली बाई चारचौघींत बसून आपल्या प्रश्नाचा विचार करू लागली की तिच्या मनाला बळ येते, हे आपण प्रत्येक मोर्चात पाहतो. येथे त्याला आकड्यांची साक्ष मिळाली.

आपले राज्यकर्ते काय करतात?

आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 साली सुरू झाला. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर प्रत्येक व्यक्तीला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देतो. तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः तोडता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभाग बंगळूरच्या ‘निमहान्स’मध्ये 2009 साली निघाला, तो देशातला पहिला आणि मोजक्या खाटांचा. एवढ्या मोठ्या देशात असे विभाग आजही अगदी विरळ आहेत. कायद्याने तोडू नका म्हटले आणि एकत्र ठेवायला खाट दिली नाही, तर त्या हक्काला अर्थ काय उरला? 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, नैराश्य-चिंता यांसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले होते. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा 14416 या क्रमांकावर सुरू झाली. तिचा उपयोग आपण करावा आणि इतरांना सांगावा. पण दूरध्वनी हा दवाखान्याला पर्याय नाही.

आता विश्रांतीचा प्रश्न. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी असे प्रतिपादन केले की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. शतक उलटत आले. 2017 साली भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, पण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती. शेतमजूर, घरकामगार, बांधकाम मजूर, बिडी कामगार, ऊसतोडणी करणाऱ्या बाया यांपैकी बहुतेकींना तिचा लाभ नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातांना किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला होता. केंद्राच्या मातृवंदना योजनेने 2017 साली तो पहिल्या अपत्यापुरता आणि 5,000 रुपयांवर आणला. 2022 मध्ये दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 रुपयांची भर घातली. जिला कोयता घेऊन फडात परत जायचे आहे, तिला झोप घ्या, चिंता करू नका, असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

श्रमिकांची पुढची पिढी स्त्री जन्माला घालते, अंगावर पाजून वाढवते. त्या पिढीच्या श्रमावर नफा कमावणारा भांडवलदार या मेहनतीचे मोल मोजत नाही आणि त्याचे राज्य त्याला ते मोजायला लावत नाही. या फुकट श्रमात ती कोसळली की तिच्या कोसळण्याला तिचा स्वभाव, तिचे नशीब किंवा तिला झालेली बाधा म्हणायचे, ही रीत जुनी आहे.

आशाताईंचा प्रश्न

आपल्या देशात मातांच्या घरात रोज पाऊल टाकणारी शक्ती कोणती? 2005 साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून उभ्या राहिलेल्या सुमारे दहा लाख आशा. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण सरकारच्या लेखी त्या आजही ‘स्वयंसेविका’ आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर 42 दिवसांत सहा वेळा आशाताईने त्या घरी जायचे असते. 2011 पासूनच्या या कामासाठी केंद्राने सर्व भेटी मिळून 250 रुपये ठरवले, म्हणजे भेटीमागे पुरते 42 रुपयेही नाहीत. त्या भेटींत ती बाळाचे वजन करते, ताप पाहते. आता तिनेच आईच्या मनाचीही तपासणी करावी, असे तज्ज्ञ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेनेही माता-बाल आरोग्यसेवेतच मानसिक सेवा गुंफावी असे सांगितले आहे. केरळने ‘अम्मा मनस्सु’ या कार्यक्रमाद्वारे त्या दिशेने पाऊल टाकले.

मग आशांच्या संघटनांनी काय भूमिका घ्यावी? ‘आणखी एक नोंदवही आमच्या डोक्यावर नको’ ही त्यांची पहिली प्रतिक्रिया असते आणि ती रास्त आहे. महाराष्ट्रात 2023 च्या अखेरीपासून त्यांना दीर्घ संप करावा लागला. 2025 साली केरळमध्येही आशा सचिवालयासमोर महिनोन्महिने बसल्या होत्या. राज्यात सरकार कोणाचेही असो, या प्रश्नाकडे आपण आशांच्या बाजूनेच पाहिले पाहिजे. परंतु या कामाला नकार देणे हे उत्तर नव्हे, कारण नकाराची किंमत त्या 50 लाख माता मोजतील. हे काम आम्ही करू. ते कुशल काम आहे, त्याचे रीतसर प्रशिक्षण द्या, त्याला वेतन द्या, आणि आम्ही ओळखलेल्या रुग्ण मातेला पुढे पाठवायला डॉक्टर आणि औषध द्या. असे म्हटले की आशाताई आणि बाळंतीण एकाच बाजूला उभ्या राहतात. अन्यथा सरकार एकीला दुसरीविरुद्ध उभे करील.

आपल्या मागण्या, आपली कामे

या विवेचनातून आपल्या मागण्या निघतात. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीत आणि बाळंतपणानंतरच्या प्रत्येक गृहभेटीत मनाची चौकशी व्हावी आणि ती मातेच्या भाषेत व्हावी. तुम्ही सुरत, हैदराबाद, बंगळूर, इंदूर, दिल्ली अशा ठिकाणांहून आलेले आहात. कामासाठी परमुलखात गेलेली मराठी बाई तेथील दवाखान्यात ‘पोट दुखते’ एवढे खुणेने सांगू शकते, ‘जगावेसे वाटत नाही’ हे खुणेने कसे सांगणार? आपल्या गावांत येऊन राहिलेल्या बिहारी, ओडिया, तेलुगू मातांचीही तीच गत आहे. दुसरी मागणी, उपचाराची सोय केल्याशिवाय नुसती चौकशी नको: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित डॉक्टर व नैराश्यावरची साधी औषधे, आणि प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आई-बाळ एकत्र राहतील अशा खाटा. तिसरी, आशांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन. चौथी, अपत्यांच्या संख्येची अट न घालता प्रत्येक कष्टकरी मातेला प्रसूतीकाळात मजुरीइतका भत्ता.

मागण्यांबरोबर कामेही आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात जाऊन तीन प्रश्न विचारावे: मातेच्या मनाची चौकशी कोण करते, आजार आढळल्यास तिला कोठे पाठवतात, औषध शिल्लक आहे काय? उत्तरे लेखी मागावी आणि त्यांवर निवेदने द्यावी. झोप उडालेली, भलते बोलणारी बाळंतीण दिसली तर देवऋषी येण्याआधी तिला रुग्णालयात पोहोचवावे आणि बाळाला तिच्यापासून तोडू देऊ नये. कायदा आपल्या बाजूने आहे. वस्तीतल्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या बैठका घ्याव्या, त्यांत त्यांनीच बोलावे, आपण ऐकावे.

आणि पुरुष कॉम्रेड्सना एक विनंती. सभेत स्त्रीमुक्तीवर बोलणाऱ्याच्या घरी ओली बाळंतीण रात्रभर जागत असेल तर त्याने पहाटे बाळ मांडीवर घ्यावे आणि तिला सलग चार-पाच तास झोपू द्यावे. मुलगी झाली म्हणून घरात सुतक पडले असेल तर ते त्याने मोडून काढावे. हे राज्यसंस्थेचे काम नाही. ते आपले आहे आणि त्यासाठी कोणत्याही सरकारी ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येक शाखेने त्या तीन प्रश्नांची उत्तरे आणावीत. तेथून आपण मोर्चाची तारीख ठरवू.